कंपाउंडरांच्या घरचा पहारा

श्रावणात दर्या बंद असतो आणि बंद दर्याच्या गावाला त्याचा असा एक वास येतो. ओल्या काथ्याचा, सुक्या बांगड्याचा, भिंतीतून झिरपणाऱ्या मातीचा. यंदाही रेडीच्या रस्त्यावर एसटीतून उतरलो तेव्हा तो आला. होड्या वाळूवर बऱ्याच वर ओढून ठेवलेल्या होत्या. पूर्वी त्यांच्यावर नारळीच्या चुडतांची शाकारणी असे. आता निळं प्लॅस्टिक असतं आणि वाऱ्यानं ते सारखं फडफडत राहतं. बंदरावर खनिजाचे ढीग भिजत पडले होते. त्यांच्यातून निघालेलं तांबडं पाणी रस्त्याच्या कडेनं समुद्राकडे चाललं होतं. बाकी हालचाल नव्हती. देवळात सप्ता बसला होता आणि त्याचा आवाज कर्ण्यातून वाडीभर येत होता.

हा आवाज दरवर्षी येतो, आणि दरवर्षी त्याच्यामागून एकच वर्ष येतं.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. आमचा जिल्हा तेव्हा रत्नागिरी. गोव्याची हद्द बंद होती, त्यामुळे वाडीतल्यांना आरोंद्याच्या खाडीपलीकडचे सोयरे भेटत नसत आणि खाडीवर पोलीस असत. पावसाळ्यात आगबोटी थांबत. मुंबईहून यायचं तर आगगाडीनं घाटावर जायचं आणि आंबोलीचा रस्ता दरडींनी अडलेला नसेल तर एसटीनं खाली उतरायचं. त्या वर्षी मी असा आलो. मुंबईत वर्तमानपत्राच्या नोकरीला लागून मला फार काळ झाला नव्हता. आईची तार आली होती. वडिलांचा आवाज गेला आहे, ये, एवढंच तीत होतं.

वडील मिशनच्या एका लहान दवाखान्यात कंपाउंडर होते. दवाखाना म्हणजे चिऱ्यांच्या दोन खोल्या, एक पडवी आणि औषधांचं कपाट. डॉक्टर आठवड्यातून एखाददुसरा दिवस येत. एरवी खोकल्याचं मिश्रण, जखमेचं मलम आणि धीर या तिन्ही गोष्टी वडीलच देत. आम्ही मूळचे घाटावरचे. या किनाऱ्यावर ख्रिस्ती घरं थोडी, आणि त्यांतली आमच्या पंथाची तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तीही एकमेकांपासून दूर. पाळकसाहेब घाटावरून महिन्यातून एकदा येत. पावसाळ्यात तेही येत नसत. आमचं घर दर्यावर्दी लोकांच्या वाडीत होतं. उजव्या हाताला बाबलबुवांचं घर. बुवा दोन होड्यांचे तांडेल आणि वाडीच्या भजनी मंडळाचे प्रमुख. डाव्या हाताला त्यांची विधवा बहीण जनाक्का. ती उन्हाळ्यात ताजी मासळी विकायची आणि पावसाळ्यात सुकी.

रोज दिवेलागणीला वडील ओसरीवर बसून एक स्तोत्र म्हणत. स्तोत्रांचं पुस्तक समोर उघडं असे, पण ते त्यात बघत नसत. हातात टाळांची एक जोडी असे. दवाखान्याच्या प्रार्थनेत पेटी वाजे आणि परदेशी चालीवरची गीतं होत. ती त्यांनी घरी कधी म्हटली नाहीत. घरी स्तोत्राचे शब्द भजनाच्या चालीवर येत. ही चाल त्यांना कोणी शिकवली नव्हती. कुंपणापलीकडून ऐकून ऐकून ती त्यांच्या गळ्यात बसली होती.

बुवांनी एकदा त्यांना कुंपणावरूनच गाठलं होतं.

"कंपोंडरानू, ही चाल आमची मा?"

"होय. शब्द माझे, चाल तुझी. माका पोलिसात देतलंस?"

"नाय. पण अंतऱ्याक तुमी ती मोडतास. चोरलास ती चोरलास, धड तरी गावा."

आणि मग बुवांनी कुंपणापाशी उभं राहून अंतरा कसा घ्यायचा ते गाऊन दाखवलं. वडिलांनी तो तसा घेतला. दोघांचे देव वेगळे होते याची आठवण त्या वेळी कोणाला झाली असेल असं वाटत नाही.

त्या श्रावणात मी घरी पोचलो तेव्हा ओसरी रिकामी होती. वडील माजघरात खाटेवर होते. घशात गाठ होती. उन्हाळ्यात त्यांना मिरजेला नेऊन आणलं होतं आणि तिथल्या डॉक्टरांनी आईला बाजूला बोलावून जे सांगायचं ते सांगितलं होतं. आवाज पूर्ण गेला होता. उरली होती ती कुजबुज, आणि तीही कान जवळ नेल्यावर कळणारी. मान बारीक झाली होती. चेहऱ्यावर मात्र दवाखान्यातलाच भाव होता, समोरच्याचं दुखणं आपल्यापेक्षा जास्त आहे असं मानणाऱ्या माणसाचा.

घरात सगळ्याला ओल होती. मीठ बरणीत पाणी होऊन बसलं होतं. काड्यापेटी चुलीच्या वैलावर ठेवली तरच पेटे. स्तोत्रांच्या पुस्तकाच्या कातडी पुठ्ठ्यावर हिरवट बुरशी धरे, ती आई रोज पदरानं पुसे आणि रोज ती परत येई.

संध्याकाळी आई त्या पुस्तकातून वाचे. गात नसे, वाचे. माझ्या लक्षात आलं की ती ठरावीकच स्तोत्रं काढते. हाडं खिळखिळी झाली म्हणणारी. पाणी गळ्याशी आलं, पाय टेकायला तळ नाही म्हणणारी. कुठवर, असं देवाला विचारणारी. अशी स्तोत्रं त्या पुस्तकात इतकी आहेत की ती शोधावी लागत नाहीत. ज्यांना वाटतं की देवाच्या पुस्तकात सगळीकडे आनंदच भरलेला असेल, त्यांनी ते कधी सरळ वाचलेलं नसतं.

त्यांतल्या बहुतेक स्तोत्रांची एक रीत आहे. माणूस तक्रार करत असतो. शत्रू, आजार, एकटेपण, मित्रांनी फिरवलेली पाठ, सगळं सांगून होतं. आणि मग एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंत जाताना त्याचा स्वर बदलतो. तो उपकार मानू लागतो, गाऊ लागतो. मधे काय घडलं, आजार बरा झाला की शत्रू पळाला, हे लिहिलेलं नसतं. बातमी लिहिणाऱ्याला ही जागा फार खटकते. कारण दिलेलं नाही, दुवा नाही. अशी बातमी कोणी आणून दिली तर ती परत पाठवावी लागेल. इतक्या वर्षांत ही स्तोत्रं मी अनेकदा वाचली, आणि दर वेळी त्या दोन ओळींमधल्या कोऱ्या जागेशी थांबलो.

आई त्या जागेपाशीच पुस्तक मिटत असे. स्वर बदलायच्या आधी.

वडिलांना हे कळत होतं. एका संध्याकाळी त्यांनी तिला खुणेनं जवळ बोलावलं. मी पायाशी बसलो होतो.

"माझं वाच," ते कुजबुजले.

त्यांचं म्हणजे कोणतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. तुझ्या समोर असणं हाच भरपूर आनंद, असं सांगणारं एक छोटं स्तोत्र आहे. वडील ते इतर स्तोत्रांपेक्षा जास्त वेळा म्हणत.

"तुम्ही बरे झालात की वाचू," आई म्हणाली.

"बरं झाल्यावर ते वाचून दाखवायला कोण कशाला लागतं?"

आईनं पुस्तकावर हात ठेवला. मग म्हणाली, "मला खोटं बोलायला लावू नका. आनंद आहे असं मी या खाटेपाशी बसून म्हणणार नाही. देवासमोर तर नाहीच."

ती रागावली नव्हती. तिचा स्वर औषधाची मात्रा सांगावी तसा होता. तिनं पान उलटलं आणि जे स्तोत्र कुठेच वळत नाही ते काढलं. असं एक आहे. ते अंधारात सुरू होतं आणि त्याचा शेवटही अंधारातच होतो, उपकाराची एक ओळ त्यात नाही. तिनं ते सबंध वाचलं आणि पुस्तक ठेवून दिलं.

वडिलांनी बराच वेळ श्वास गोळा केला. "तेसुद्धा त्याच्याशीच बोललेलं आहे," ते म्हणाले. "पाठ फिरवून नाही."

आई चुलीकडे निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून तिनं वाचणंही बंद केलं. दिवा लागायचा, आणि घरात कोणी काही म्हणायचं नाही.

वाडीतल्या बंद दर्याच्या दिवसांना एक शिस्त असते. पुरुष पडव्यांत बसून जाळी शिवतात. बोलणं कमी, सुया जास्त. बायका सुकटीची परडी चुलीवरच्या शिंकाळ्यातून काढतात, हुंगतात, परत ठेवतात. मुलांना समुद्राकडे जायला बंदी असते, आणि सांगूनही ती जातात. समुद्र दिसत नाही इतका पाऊस असला तरी त्याचा आवाज भिंतीतून येतो. अशा दिवसांत देवळात सप्ता बसतो. सात दिवस आणि सात रात्री भजन अखंड चालतं. प्रत्येक घराला एक पहारा नेमून दिलेला असतो. आपल्या पहाऱ्याला घरानं देवळात उभं राहून भजन चालू ठेवायचं आणि पुढचं घर आलं की टाळ-वीणा त्यांच्या हातात द्यायची. वीणा खाली ठेवायची नाही. पुढचं घर येईपर्यंत थांबायचं नाही, मग पाय दुखोत की घसा बसो. ज्या घरात आजार किंवा सुतक असेल त्याचा पहारा शेजारचं घर धरतं. पहारा मोडला तर काय होतं, हे मी लहानपणी जनाक्काला विचारलं होतं. "मोडणा नाय," ती म्हणाली होती. तिच्या दृष्टीनं प्रश्नच चुकीचा होता.

आमच्या घराला अर्थातच पहारा नव्हता. आम्ही त्या देवाचे नव्हतो. सप्त्याच्या दिवसांत वडील नेहमीसारखं आपलं स्तोत्र म्हणत आणि देवळातला आवाज वाऱ्याबरोबर येई जाई.

त्या वर्षी सप्ता सुरू असताना एका दुपारी बुवा आमच्याकडे आले. डोक्यावर इरलं, गुडघ्यापर्यंत चिखल. बरोबर जनाक्का, आणि मृदंग वाजवणारा भिवा. बुवांनी इरलं पडवीत टेकवलं आणि खाटेपाशी येऊन बसले. आधी वडिलांच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

"कंपोंडरानू, तुमचा गाणा आयकाक येणा नाय."

वडिलांनी घशाकडे बोट दाखवलं.

"ता ठावक आसा. तुमचो गळो गेलो. पण घरातली माणसा आसत मा?" त्यांनी आईकडे पाहिलं. "वैनीनू, रागाव नकात. पण सांजेचो पहारो तुमी मोडलास."

"आमच्यात पहारा नसतो, बुवा," आई म्हणाली.

"नसता कसो? इतकी वर्सा रोज सांजेक तुमच्या घरात देवाचा नाव चल्लाच हा. एक दीस चुकाक नाय. मग ह्येका काय म्हणूचा?"

जनाक्का दारातूनच म्हणाली, "माजी तर चूलच चुकता, बाये. ह्येंचा गाणा सुरू झाला काय मी भात वैलार चढवतंय. आता कधी भात करपता, कधी कच्चो ऱ्हवता. काल ह्यो मेलो भिवा जेवाक इलो आणि दात मोडले म्हणान बोंबललो."

"मोडले नाय, हलले," भिवा म्हणाला.

वडील हसले. हसताना त्यांच्या घशातून शिट्टीसारखा आवाज आला आणि आईनं दुसरीकडे पाहिलं.

बुवा मुद्द्यावर आले. घरचा माणूस आजारी, म्हणून पहारा शेजाऱ्यानं धरायचा. वाडीची रीत तीच. आज सांजेला मंडळ इथे येईल. आईनं अडचणी सांगितल्या. आमच्या घरात मूर्ती नाही. तुमची भजनं इथे चालणार नाहीत. हे सगळं पाळकसाहेबांच्या कानावर गेलं तर काय म्हणतील ते निराळंच. बुवांनी सगळं ऐकून घेतलं.

"आमचा नको, तुमचाच म्हणतलंव. चाल आमचीच आसा, ती आमका येता. शब्द तुमी सांगा."

"मी?"

"मग सांगतलो कोण? आमका तर वाचूकच येणा नाय. तुमी वळ सांगायची, आमी उचलायची."

"कोणतं?" आईनं विचारलं, आणि तिला उत्तर आधीच माहीत होतं.

बुवांनी वडिलांकडे बोट केलं. "ह्येंका आवडता ता."

आईनं नाही म्हटलं नाही, इतकंच मी पाहिलं. आजाऱ्याच्या दारात चिखलातून आलेल्या शेजाऱ्याला नाही म्हणणं या गावात शक्य नव्हतं, आणि ती या गावाची होऊन बरीच वर्षं झाली होती.

दिवेलागणीला मंडळ आलं. माजघर लहान, माणसं बरीच. ओल्या धोतरांचा आणि विडीचा वास कोंदला. भिवानं मृदंग औषधाच्या स्टुलावर ठेवून पाहिला, मग मांडीवर घेतला. आणि सगळे उभेच राहिले. कोणी बसेना.

"काय झालं?" आईनं विचारलं.

बुवा जरा अवघडले. "तोंड खंय करून बसाचा ता कळणा नाय. देवळात देव समोर आसता. हंय तुमचो देव खंयच्या बाजूक?"

आईनं भिंतींकडे पाहिलं. मीही पाहिलं. आमच्या घरात भिंतीवर एक कॅलेंडर होतं आणि एक घड्याळ.

"देवाक पाठ झाली तर बरा नाय," मागून कोणी म्हणालं.

वडिलांनी हात हलवून बुवांना जवळ बोलावलं. बुवा वाकले. वडील काही कुजबुजले. बुवांनी कपाळाला आठ्या घातल्या, मग त्या गेल्या आणि ते मोठ्यानं हसले.

"काय म्हणतत?" जनाक्कानं विचारलं.

"म्हणतत, तू पाठ करून दाखव मरे. खंय करतलंस ती?"

माणसं हसली आणि जिथे जागा होती तिथे बसली. कोणी खाटेकडे तोंड करून, कोणी दाराकडे, भिवा कपाटाकडे. त्या बोलण्यातला अर्थ त्या पुस्तकात आहे. तुझ्यापासून दूर कुठे जाऊ, समुद्राच्या टोकाला गेलो तरी तू तिथे आहेस, असं एक स्तोत्र सांगतं. वडिलांनी ते वाडीच्या भाषेत सांगितलं आणि दर्यावर गेलेल्या माणसांना ते लगेच पटलं. किनारा दिसेनासा झाल्यावर कोणत्या बाजूला तोंड करून देवाचं नाव घ्यायचं, हा प्रश्न त्यांना तिथे कधी पडत नसावा.

मग आईनं ओळ सांगितली.

ती तिनं अगदी कोरड्या आवाजात सांगितली. बुवांनी वडिलांचे टाळ हाती घेऊन ती उचलली, चालीवर ठेवली आणि मंडळानं मागून म्हटली. पुढची ओळ. परत तसंच. आई भिंतीला टेकून, डोळे जमिनीवर ठेवून बोलत होती, जणू दुसऱ्या कोणाचा निरोप पोचवत होती. जिथे आनंद हा शब्द येतो तिथे ती थांबली. भिवाचा हात मृदंगावर तसाच ठेका धरून राहिला. कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. तिनं तो शब्द उच्चारला. बुवांनी तो उचलला आणि अंतऱ्याच्या त्या वळणावर नेला, जे त्यांनी वडिलांना कुंपणापाशी शिकवलं होतं. वडिलांचं बोट खाटेच्या कडेवर ठेका देत होतं. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

स्तोत्र संपलं. आईला वाटलं, झालं. ती चहाला उठली. पण बुवांनी पहिल्या ओळीवर परत सुरुवात केली. शब्द आता त्यांना येत होते. दुसऱ्यांदा संपलं, तिसऱ्यांदा सुरू झालं. चहा झाला, कपांत निवला, कोणी हात लावला नाही. बाहेर अंधार पडला. देवळातून एक माणूस आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "बुवानू, देवळात तुमच्या घराचो पहारो येता हा, चला." बुवांनी मानेनं हो म्हटलं आणि गाणं चालू ठेवलं.

आईनं मला खूण केली. मी बुवांच्या कानाशी जाऊन म्हटलं, खूप झालं, आता थांबा.

बुवांनी दोन ओळींच्या मधे मान वळवली. "थांबू कसो? फुडलो पहारो कोणाचो? टाळ देवू कोणाक?"

आणि तेव्हा सगळ्यांच्याच लक्षात आलं की चूक काय झाली होती. त्यांनी आमच्या घरातलं गाणं पहारा म्हणून धरलं होतं, आणि पहारा धरला की तो हातात द्यायला दुसरं घर लागतं. आमच्यानंतर कोणाचंच घर नव्हतं. दुपारी एवढं बोलणं झालं, तरी हा विचार कोणाला आला नव्हता. देवळातला माणूस दारात ताटकळत होता. तिथला पहारा मोडायची वेळ येत होती, आणि इथला मोडायचा नव्हता. भिवाचे डोळे बुवांवर, बुवांचे टाळांवर. मला हसू येत होतं आणि हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

वडिलांनी आईकडे पाहिलं.

आई उठली. चुलीच्या राखेचे हात तिनं पदराला पुसले आणि ते बुवांसमोर धरले. बुवांनी ओळ पुरी होऊ दिली आणि टाळ तिच्या हातात ठेवले. टाळ हातात आले की गाणं थांबू द्यायचं नाही, हे ती इतकी वर्षं कुंपणापलीकडून ऐकत आली होती. तिनं गायला सुरुवात केली. आवाज बारीक, सुरात अर्धा. शब्द तेच. मंडळी एकेक करून उठली, वाकून बाहेर पडली आणि पावसातून देवळाकडे पळाली. जनाक्का शेवटी गेली, जाताना तिनं निवलेला चहा पिऊन टाकला.

आई एकटी गात राहिली. पुढचा पहारा उद्या सांजेला तिचाच होता. स्तोत्र पुरं करून ती थांबली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर थकवा होता, आणखी काही होतं की नाही ते दिव्याच्या उजेडात मला दिसलं नाही. तिनं टाळ खाटेच्या कडेला ठेवले.

"खोटं नव्हतं ना?" वडिलांनी विचारलं.

आईनं त्यांच्या हातावरचं पांघरूण सारखं केलं. "आनंद मला नाही झाला," ती म्हणाली. "पण मी रिकाम्या खोलीत बोलत नव्हते. तेवढं कळलं."

वडिलांना ते पुरे वाटलं असावं. त्यांनी डोळे मिटले.

त्या दोन ओळींमधल्या कोऱ्या जागेत काय असतं, हे मला अजून माहीत नाही. तिथे आजार बरा झालेला नसतो, हे मात्र मी सांगू शकतो. आमच्या घरात तो झाला नाही. दुखणं वाढत गेलं, पाणी गिळेना, रात्री कठीण झाल्या. आई रोज दिवेलागणीला टाळ घेऊन बसे आणि ते स्तोत्र म्हणे. कधी त्याच्या आधी एखादं तक्रारीचं म्हणे, तेही आता अर्ध्यात न मिटता शेवटपर्यंत. काही संध्याकाळी तिच्या आवाजात काही नसे, नुसतं काम असे. काही संध्याकाळी, एखाद्या ओळीपुरतं, तिचं कपाळ सैल होई. मग वडील तिच्याकडे असे पाहत की जणू तिनं त्यांना काही खायला दिलं आहे. मी तेव्हा ओसरीवर जाऊन बसे. आनंद या शब्दाची माझी समजूत त्या दिवसांत बदलली. तो दुःख संपल्यावर येतो असं मला वाटत असे. त्या माजघरात दोन्ही एकाच वेळी होती, आणि दुःख कणभरही कमी झालेलं नव्हतं.

श्रावण सरता सरता वडील गेले. दुपारची वेळ होती, पाऊस थांबलेला. घाट बंद असल्यामुळे पाळकसाहेब येऊ शकले नाहीत. दवाखान्यामागच्या सड्यावर, उघड्या कातळपठारावर, आमची लहानशी दफनभूमी आहे. तिथे जांभा फोडायला वाडीतले पुरुष गेले. खड्ड्यात पाणी साठत होतं. ते लोक आळीपाळीनं आत उतरून होडीतलं पाणी उपसायच्या डबड्यानं ते उपसत राहिले. शवपेटी खाली सोडताना बुवांनी दोर धरला होता. प्रार्थना मी वाचली. आई कडेला उभी होती आणि रडत नव्हती. परत येताना जनाक्कानं तिचा हात घट्ट धरला होता, सड्यावरून वाट निसरडी होती म्हणून.

त्या संध्याकाळी मी दिवा लावला. आईनं टाळ घेतले आणि खाटेशेजारी जमिनीवर बसली. खाट तशीच होती, गादी तेवढी काढलेली. पडवीत पावलं वाजली. बुवा, भिवा आणि मंडळातली झाडून सगळी माणसं. सड्यावरची माती अजून त्यांच्या पायांना होती.

"वैनीनू," बुवा दारातूनच म्हणाले, "सुतकात घरच्यानी पहारो धरूचो नसता. टाळ हडे द्या. आज आमी बसतंव."

"आमच्यात सुतक नसतं, बुवा," आई म्हणाली.

"नसता?"

"नसतं. आत या. बसा, आणि मागून म्हणा."

ते आत आले आणि बसले. बुवांनी हलक्या आवाजात विचारलं, "आज खंयचा? रडाचा म्हणतलास?"

"नाही," आई म्हणाली. "त्यांचंच."

तिनं टाळ वाजवले आणि सुरुवात केली. दुसऱ्या ओळीवर तिचा आवाज फुटला. बुवांनी ओठ उघडले, पण तिनं मान हलवली. फुटलेला आवाज तिनं सावरला नाही. तशाच आवाजानं तिनं पुढची ओळ घेतली, आणि दारापासून खाटेपर्यंत बसलेल्या माणसांनी ती उचलली.